टाकीतली पोवळी आणि चुन्याची निवळी

(लंडनमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, अंगठीतलं पोवळं आणि तुमच्या टाकीतलं पोवळं एकच का? नातं आहे, पण लांबचं. अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक वेळा भूमध्य समुद्रातलं असतं. ते अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं, त्याला उजेड लागत नाही. माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली पोवळी उष्ण, उथळ, उन्हानं भरलेल्या समुद्रातली आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतं. म्हणजे पोवळं हा प्राणी, त्याच्या अंगात शेती, आणि राहायला स्वतः बांधलेलं चुनखडीचं घर. आज मी मुख्यतः या बांधकामाबद्दल बोलणार आहे, कारण घरच्या टाकीत पोवळी मरताना मी पाहिली आहेत ती बहुतेक इथंच अडून.

बांधकामाला दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कार्बोनेटचा साठा आपण अल्कलिनिटीनं मोजतो. मराठीत क्षारता म्हणता येईल, पण तोच शब्द खारटपणासाठीही वापरतात आणि घोटाळा होतो, म्हणून मी अल्कलिनिटीच म्हणतो. ती डीकेएच या मापात मोजतात. समुद्रात ती साडेसहा-सातच्या आसपास असते. टाकीत आम्ही सात ते नऊच्या दरम्यान ठेवतो.

आता इथं नीट लक्ष द्या. पोवळ्यांनी एक डीकेएच अल्कलिनिटी वापरली, तर त्याबरोबर कॅल्शियम जातं लिटरमागे फक्त सात मिलिग्रॅम. अल्कलिनिटी आठवरून सातवर येते तेव्हा कॅल्शियम 420 वरून 413 वर आलेलं असतं. घरगुती चाचणीत तो फरक दिसतसुद्धा नाही. जो नुसतं कॅल्शियम मोजतो त्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तिकडे टाकीतला कार्बोनेटचा गल्ला रिकामा होत असतो. ॲक्रोपोरा नावाच्या फांद्यांच्या पोवळ्यांनी भरलेली टाकी दिवसाला एक-दोन डीकेएच सहज खाते.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. एका रविवारी मोजलं तर अल्कलिनिटी सहाच्या खाली. घाबरून मी अल्कलिनिटी वाढवायची पावडर विरघळवून एकदम ओतली. दुसऱ्या दिवशी आकडा साडेदहा. पुस्तकाप्रमाणे दोन्ही आकडे काही प्राणघातक नव्हेत, पण आठवड्याभरात ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडली आणि मग कातडी बुडापासून सुटत गेली. पोवळ्यांच्या सात वसाहती गेल्या. त्यातली एक मी दीड इंचाच्या तुकड्यापासून वाढवली होती. सात चालतं, नऊही चालतं. पण सातवरून नऊवर एका रात्रीत गेलेलं पोवळ्याला चालत नाही. तेव्हापासून दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त बदल मी होऊ देत नाही. रोज एकाच वेळी मोजतो, कारण दिवे लागायच्या आधीचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो.

ही रोजची भरपाई कशी करायची? महागडी यंत्रं आहेत, पण मी ज्या गोष्टीवर विसंबतो ती तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाहिली आहे. चुन्याची निवळी. नळीतून फुंकर मारली की निवळी दुधाळ व्हायची, आठवतं? आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला चुना मिळून कॅल्शियम कार्बोनेट व्हायचं. पोवळं आपलं घर ज्या पदार्थाचं बांधतं, तोच पदार्थ परीक्षानळीत तयार होत होता.

जर्मन भाषक मत्स्यपालकांमुळे ही निवळी टाकीच्या छंदात रुळली, म्हणून तिला सगळीकडे जर्मन नावानंच, काल्कवासर म्हणून ओळखतात. एक लिटर शुद्ध आरओ पाण्यात साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी वापरायचं. झाकण घट्ट हवं, नाहीतर हवेनं वर साय धरते आणि निवळीची ताकद जाते. तिचा पीएच बाराच्या वर असतो. हाताला, डोळ्याला लागू देऊ नका, आणि टाकीत थेंब थेंबच सोडा, शक्यतो रात्री. माझ्या 200 लिटरच्या टाकीतून रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं. तेवढीच निवळी परत भरली की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात, अल्कलिनिटी साधारण एक डीकेएच.

(श्रोत्यांतून: पानाचा चुना चालेल का?) रसायन तेच आहे. पण त्यात आणखी काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही. नको.

निवळीचा आणखी एक उपकार इथल्या हिवाळ्यात कळतो. खिडक्या बंद, घरात चार माणसं, गॅस पेटलेला. घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात विरघळतो आणि पीएच 7.8 च्या आसपास घसरतो. लोक पीएच वाढवायची बाटली आणतात आणि नकळत अल्कलिनिटी चढवून बसतात. आधी तासभर खिडकी उघडून पाहा. निवळी तो वायू स्वतःच शोषून घेते.

पण हीच निवळी उलटूही शकते. 19 जुलै 2022 आठवतोय ना, हीथ्रोला पारा 40.2 वर गेला होता? माझी टाकी दुपारी तीस अंशांच्या पुढे गेली. मी पृष्ठभागावर पंखा लावला. पाणी उडालं की टाकी थंड होते, आपल्या माठासारखीच. दोन-अडीच अंश उतरले. पण पाणी दुपटीनं उडत होतं आणि पाण्याच्या जागी आपोआप निवळी भरली जात होती, तीही दुपटीनं! रात्री अल्कलिनिटी पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. लगेच निवळी काढून साधं आरओ पाणी लावलं. दोन वसाहती पांढऱ्या पडल्या, म्हणजे अंगातलं शैवाल त्यांनी बाहेर टाकलं. दिवे मंद केले, थोडं थोडं खाऊ घातलं. एक गेली. दुसरीला रंग यायला चार महिने लागले. पंखा लावाल त्या दिवशी निवळी बंद, एवढं लिहून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. नळाचं पाणी वापरू नका. लंडनचं पाणी खडूच्या थरांतून येतं, जड असतं, आणि नायट्रेट, फॉस्फेटही असतात. नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागेही लागू नका, उपाशी पोवळी फिकट होतात. दिवा नवीन आणला तर उजेड आठवड्या-आठवड्यानं वाढवा. टॉर्च कोरलजवळ दुसरं पोवळं ठेवू नका, रात्री ते लांब नांग्या सोडून शेजाऱ्याला भाजतं. आणि पॅलिथोआ या बटणासारख्या पोवळ्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ती कापू नका. ज्या दगडावर ती आहेत तो कधीही उकळू नका. त्या वाफेनं माणसं दवाखान्यात गेली आहेत.

फॉरेस्ट हिलचं हॉर्निमन संग्रहालय इथून फार लांब नाही. तिथल्या मत्स्यालयात ॲक्रोपोरांना समुद्रातल्यासारखे ऋतू आणि चांदण्याचा क्रम देऊन त्यांच्याकडून बंद टाकीत अंडी-बीजं सोडवून घेतली गेली आहेत. मुलांना जरूर न्या.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय: पुण्यात घरी अशी टाकी करता येईल का? भारताच्या समुद्रातली पोवळी काढून, विकत घेऊन, अजिबात नाही. खडक बांधणारी सगळी पोवळी 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. पण मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर जिवंत पोवळी आहेत. पुढच्या सुट्टीत गेलात तर पावसाळा संपून पाणी निवळलं की, नोव्हेंबरनंतर जा. पाण्यात बघायचा मुखवटा लावून वरून बघा, आणि दम लागला तरी खडकावर पाय टेकू नका. होडीला हाक मारा, ती जवळ येते.