कॉइलओव्हर घेण्याआधी लोअर आर्मकडे बघा

(गाडी सपाट फरशीवर उभी आहे. कॅमेरा पुढच्या चाकामागे, जमिनीलगत.)

नमस्कार मंडळी. आज पुढच्या सस्पेन्शनचे पार्ट कसे निवडायचे ते बघू: कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी शॉक-स्प्रिंगची जोडी, आणि बाकीचं. पण एकही डबा उघडायच्या आधी जरा खाली वाका आणि हा लोअर आर्म बघा. आतलं टोक सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला; बाहेरचं टोक बॉल जॉइंटला, म्हणजे चाकाकडच्या फिरत्या सांध्याला. शोरूममधून आलेल्या गाडीत बहुतेक वेळा बाहेरचं टोक आतल्यापेक्षा थोडं खाली असतं. हा जो उतार दिसतोय ना, तोच तुमची पुढची सगळी खरेदी ठरवणार आहे.

समोर मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरच्या आर्मऐवजी शॉकच चाकाला वरून धरतो अशी रचना, असलेली गाडी धरू, कारण बहुसंख्य गाड्यांत तोच असतो. वळणावर गाडी बाहेरच्या चाकावर झुकते, चाक वर जातं, आर्म आडवा व्हायला लागतो. आडवा होता होता तो बॉल जॉइंटला बाहेर ढकलतो, म्हणजे चाकाचा खालचा भाग बाहेर जातो आणि निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकणं, वाढतो. आपल्याला हेच हवं असतं. पण आर्म आडव्याच्या वर चढू लागला की हा फायदा झपाट्याने आटतो, आणि थोडं पुढे गेल्यावर उलटतो. चाक टायरच्या बाहेरच्या खांद्यावर उभं राहतं.

आता तुम्ही गाडी ५० मिमी खाली आणलीत. आर्म उभ्या गाडीतच आडवा झाला, कदाचित वर वळला. म्हणजे वळण सुरू होण्याआधीच तो फायदा संपला! शिवाय रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीपेक्षा जास्त खाली जातो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून त्याच स्प्रिंगवर गाडी उलट जास्त झुकू पाहते. मग माणूस आणखी कडक स्प्रिंग घेतो, कॅम्बर लावायची प्लेट घेतो, झुकणं रोखणारा जाड अँटी-रोल बार घेतो. सगळा खर्च कशासाठी, तर गाडी खाली आणून जे बिघडवलं ते झाकण्यासाठी.

म्हणून पहिला निर्णय ब्रँडचा नाही, उंचीचा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. त्यातून किती मिमी कमी करायचे ते ठरवा आणि लिहून ठेवा. स्ट्रटवाल्या गाडीत आर्मचा कोन सुधारणारे पार्ट न बसवता मी गाडी १५ ते २५ मिमीपेक्षा जास्त खाली आणणार नाही. फोटोत गाडी थोडी उंच दिसेल. दिसू दे.

आणि स्ट्रट म्हणजे कमअस्सल असंही समजू नका. पोर्शे ९११ पहिल्यापासून पुढे स्ट्रटवरच चालत आली. रस्त्यावरच्या ९११ ला पुढे डबल विशबोन (वर आणि खाली असे दोन आर्म) मिळाला तो २०२१ च्या जीटी३ मध्ये. तोवर स्ट्रटवर काय काय करून दाखवलं, ते तुम्हाला माहीत आहेच.

(कॅमेरा शॉकच्या रॉडवर. हातात केबल टाय.)

आता दुसरं माप. उंची ठरली, पण खाली जाऊन उरतं किती? हा साधा केबल टाय. धुळीचं रबर वर सरकवा, टाय शॉकच्या चकचकीत रॉडभोवती बांधा, घट्ट नको, हाताने सरकेल इतपत. खाली सीलपर्यंत टेकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. परत आल्यावर टाय जिथे थांबलाय तिथवर शॉक दबला होता. बंप स्टॉप, म्हणजे शॉक पूर्ण दबताना अडवणारं रबर, अजून दूर असेल तर तेवढी जागा शिल्लक आहे. टाय बंप स्टॉपात घुसलेला दिसला, तर तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबराच्या गोळ्यावर वळणं घेताय. असं झालं की पुढची पकड एकदम सुटते आणि लोक म्हणतात, शॉक बेकार आहे. शॉकचा काय दोष? त्याला हलायला जागाच नाही.

उंची आणि जागा कळली की मगच स्प्रिंग. डब्यावर लिहिलेलं असतं ६ किलो, ८ किलो, १० किलो, म्हणजे किलो प्रति मिमी. हा आकडा दोन वेगळ्या गाड्यांत तसाच ताडून बघू नका. चाकाला जो कडकपणा जाणवतो तो स्प्रिंगचा आकडा गुणिले मोशन रेशोचा वर्ग. मोशन रेशो म्हणजे चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग हलते. स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते, रेशो ०.९५ धरू. ६ किलोची स्प्रिंग चाकापाशी ५.४ किलो झाली. डबल विशबोनमध्ये शॉक आर्मच्या मधे कुठेतरी बसतो, रेशो ०.७ धरू. १० किलोची स्प्रिंग चाकापाशी ४.९! म्हणजे १० किलोवाली गाडी ६ किलोवालीपेक्षा मऊ. मित्राच्या गाडीत १० आहे म्हणून मलाही १०, असं करणाऱ्यांनी हे दोनदा ऐका.

मग किती घ्यायची? फ्रीक्वेन्सीने विचार करा. समजा एका पुढच्या चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३५० किलो आहे. चाकापाशी साधारण ३.२ किलो प्रति मिमी कडकपणा असेल तर ती बाजू सेकंदाला दीड वेळा वरखाली होऊ पाहते. ५.६ किलोला ती दोनदा. रोज चालवायच्या, पण जोरात चालवायच्या गाडीला मी दीडच्या आसपास राहीन. दोनच्या पुढे ट्रॅकचा गुळगुळीत डांबर हवा आणि टायरही तसे हवेत. साध्या टायरवर इतकी कडक स्प्रिंग लावली की खडबडीत वळणावर चाक रस्ता धरत नाही, उड्या मारतं.

आता शॉक. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर डॅम्पिंग, म्हणजे डोलणं थांबवणारा शॉकचा विरोध, साधारण १.४ पट लागतं, कारण हिशोब वर्गमुळाचा आहे. म्हणून मूळ शॉकवर नुसती लोअरिंग स्प्रिंग चढवली की खड्ड्यानंतर गाडी एकदा जास्तीची डोलते. शॉक रिबाउंडमध्ये, म्हणजे परत उघडताना, कमी पडतोय, आणि गाडी खाली बसल्यामुळे त्याचा स्ट्रोकही आधीच खर्ची पडलाय.

एक जाहिरात नेहमी दिसते: ३२ क्लिक ॲडजस्टेबल. ठीक आहे, पण ते क्लिक नक्की काय बदलतात? बऱ्याच एका बटणाच्या शॉकमध्ये ते बटण कमी वेगाचं रिबाउंड बदलतं आणि सोबत थोडं बंपही, म्हणजे दबतानाचा विरोध. विक्रेत्याकडे डायनोचा, म्हणजे शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख मागा. डावा आणि उजवा शॉक एकाच क्लिकवर सारखे चालतात का, हे त्यात दिसतं. दुसरा प्रश्न: सील गेलं तर शॉक उघडून दुरुस्त होतो का, आणि सुटे भाग मिळतात का? या दोन्ही प्रश्नांवर समोरचा गप्प बसला, तर क्लिक कितीही असोत, मी ते किट घेणार नाही. चांगला, एकाच सेटिंगचा, तुमच्या स्प्रिंगला जुळवलेला शॉक मला जास्त पटतो.

आणि उंची बदलायची तर शॉकची बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवून बदला. स्प्रिंगची खालची रिंग आवळून नाही. रिंग आवळल्याने साधी स्प्रिंग कडक होत नाही, तिचा आकडा तोच राहतो. नुसता शॉकचा प्रवास एका बाजूला सरकतो.

(टेबलावर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, दोन बुश.)

ज्यांना २५ मिमीपेक्षा खाली जायचंच आहे त्यांच्यासाठी हे. रोल सेंटर किट म्हणजे लांब पिनचा बॉल जॉइंट. तो आर्मचं बाहेरचं टोक परत खाली आणतो. पण तो एकटा घेऊ नका. टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीचा, कोनही तेवढाच बदलायला हवा, नाहीतर आर्म एका कमानीत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या, आणि खड्ड्यात स्टीअरिंग न हलवता चाक स्वतःच वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. तपासायचं असेल तर स्प्रिंग काढा, जॅकने चाक १० मिमीच्या टप्प्याने वर न्या आणि प्रत्येक टप्प्यावर टो, म्हणजे चाकाची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळलीय ते, मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. बसवण्याआधी रिम आतून बॉल जॉइंटला घासणार नाही ना, तेही पाहा.

बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरी गादी. त्याबद्दल सरसकट पीयू (पॉलियुरेथेन) घ्या म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पीयू बुश एकाच अक्षाभोवती फिरायला छान. पण लोअर आर्मचा मागचा बुश बऱ्याच गाड्यांत दोन-तीन दिशांनी पिळला जातो. तिथे कडक पीयू अडकतो आणि ग्रीस सुकलं की करकरतो. तिथे कडक रबर नाहीतर सरळ स्फेरिकल बेअरिंग, आवाज आणि झीज सोसायची तयारी असेल तर. रबर बुशचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. जॅकवर आवळलात तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

अँटी-रोल बारचा हिशोब चौथ्या घाताचा. भरीव बार २२ मिमीचा २४ केला तर ऐकायला २ मिमी, प्रत्यक्षात ४० टक्क्यांहून जास्त कडक. पुढे जाड बार म्हणजे साधारणपणे जास्त अंडरस्टिअर, म्हणजे स्टीअरिंग वळवूनही गाडी कमी वळते, हे लक्षात ठेवून घ्या. गाडी खाली आली असेल तर बारला सस्पेन्शनशी जोडणारी लिंक लांबीला ॲडजस्ट होणारी हवी. दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा स्ट्रट ब्रेस? पैसे उरले तर.

सगळं बसलं की थोडं चालवा, स्प्रिंग बसू द्या, बोल्ट पुन्हा टॉर्क करा आणि मग अलाइनमेंट. चालकाच्या वजनाइतकं काहीतरी सीटवर ठेवून. कॅम्बर बदलला की टो बदलतो, त्यामुळे आधी कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) लावा, टो सगळ्यात शेवटी. आकड्यांचा कागद मागून घ्या आणि त्यावरच फेंडरची उंची लिहा. पुढच्या वेळी गाडी एका बाजूला ओढू लागली तर काय हललं ते त्या कागदावरून लगेच कळेल.