डिरेक्टरीला पैसे भरण्याआधी

मंडळी, पैसे भरून ऑनलाइन डिरेक्टरीत नाव लावावं का, हा प्रश्न सांगलीतले सॉफ्टवेअरवाले नेहमी विचारतात. आधी डिरेक्टरी विकते काय, ते बघू.

जस्टडायल, इंडियामार्ट यांच्याकडून प्रामुख्यानं चौकशा मिळतात. इंडियामार्टवर ग्राहकाची मागणी 'बायलीड' म्हणून येते. ती एकट्या तुमच्यासाठी नसते, आणखी विक्रेतेही तीच उचलतात. कॅप्टेरा या सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या साइटवर क्लिकमागे पैसे, तेही बोली लावून. आणि 'पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद करतो, गूगलवर वर याल' म्हणणारे? क्रमांक वाढवायला विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमात बसत नाहीत. तो विषय इथंच सोडू.

आता हिशेब. समजा, पॅकेज वर्षाला ४०,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, ७,२००. त्याचं क्रेडिट मिळतं म्हणून बाजूला ठेवा; जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मात्र खर्चातच धरा. वर्षात १२० चौकशा आल्या. त्यातून प्रोजेक्टसाठी विचारणारी पोरं, नोकरी शोधणारे, 'फुकट ॲप आहे का' म्हणणारे आणि फोनच न उचलणारे वजा करा. डेमोपर्यंत १२ जण आले, तिघांनी घेतलं. एका गिऱ्हाइकामागे १३,३३३ रुपये पडले. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर १२,००० ला जात असेल, तर प्रत्येक विक्रीत १,३३३ रुपये पदरचे गेले. शिवाय ते १२० फोन करणाऱ्याचा पगार अजून धरलेलाच नाही. ३,००० ची एएमसी, म्हणजे वर्षाची देखभाल फी, दोन-तीन वर्षं टिकली तरच हे सगळं, पगारासकट, भरून निघतं. तेच सॉफ्टवेअर ६०,००० चं असेल, तर हाच खर्च खुशाल करा.

पण माल कोणता, हेही बघा. मार्केट यार्डातला हळदीचा किंवा बेदाण्याचा अडत्या 'अकाउंटिंग सॉफ्टवेअर' असं शोधत बसत नाही. त्याला शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, अडत एका कागदावर हवी. तो शेजारच्या गाळ्यात काय चालतं ते विचारतो, नाहीतर आपल्या कर सल्लागाराला फोन लावतो. तिथं डिरेक्टरीचा रुपया वाया. तोच खर्च सल्लागारांना डेमो दाखवण्यावर करा. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी स्टॉकचं किंवा पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर करत असाल, तर गोष्ट वेगळी. तसं सॉफ्टवेअर पुण्या-कोल्हापुरातले कारखानेही शोधतात, आणि ते तुम्हाला ओळखत नसतात.

घ्यायचंच असेल तर आधी फुकट नोंद पूर्ण भरा: स्क्रीनचे फोटो, किंमत कितीपासून, कोणत्या धंद्यासाठी. 'सर्व प्रकारची सॉफ्टवेअर' असं लिहिलंत की चौकशाही सर्व प्रकारच्या येतात. डिरेक्टरीसाठी वेगळं सिम घ्या, म्हणजे कोणता फोन कुठून आला याचा वाद उरत नाही. चाचणी जानेवारी ते मार्च करा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागतं, वह्या तेव्हाच बदलतात. पावसाळ्यात केलेल्या चाचणीवरून निकाल देऊ नका. एक्सेलमध्ये चौकशीची वेळ आणि तुम्ही फोन केल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं: चौकशी सकाळी अकराची, फोन संध्याकाळी सहाला. तोवर दुसऱ्याचा डेमो होऊन गेलेला असतो, आणि बोल मात्र डिरेक्टरीला लागतो.

सही करताना दोन गोष्टी वाचा. चौकशांची संख्या लेखी आहे की तोंडी? आणि हप्त्यासाठी बँकेचं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, दिलं असेल, तर त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते? मुदत पुढच्या वर्षाची लिहिली असेल, तर नूतनीकरण तुम्ही आजच करून टाकलंय.