जर्मनीत घर मांडताना: आधी रविवार, मग दिवाळी

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीनिमित्त सहकुटुंब जर्मनीला निघालेल्यांची तयारी बॅगांच्या वजनापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. मसाले किती घ्यायचे, कुकर न्यायचा का, मुलांची जॅकेटं इथून घ्यायची की तिथून. हे प्रश्न खरेच आहेत. पण पहिल्या वर्षीची दिवाळी नीट पार पडते की नाही, ते बॅगांवर ठरत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, दहानंतर आवाज चालत नाही, तळणाचं तेल मोरीत ओतायचं नसतं, या रोजच्या गोष्टी अंगवळणी पडल्या की सण आपोआप सोपा होतो. म्हणून आज आधी रोजचं, मग सणाचं.

पहिलं काम पत्ता नोंदवण्याचं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ते करायचं असतं. घरमालकाने सही केलेलं, तुम्ही राहायला आल्याचं पत्र लागतं, सगळ्यांचे पासपोर्ट लागतात, शिवाय विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचे दाखले जवळ ठेवलेले बरे. मोठ्या शहरांत या कामाची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे ती जितकी आधी ऑनलाइन घेता येईल तितकी घ्या. कर क्रमांक, बँक, पाळणाघर, सगळं या एका कागदापासून पुढे सरकतं.

आणि त्याच दिवशी खालच्या टपालपेटीवर आणि घंटीवर आडनाव लावा. तिथे फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक हे सारं पोस्टानेच येतं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येईल. घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नसला तरी ते भरावंच लागतं. फसवणुकीचं पत्र समजून अनेकजण ते बाजूला टाकतात आणि मग दंडासकट भरतात.

घर शोधतानाच जाहिरातीत 'ई बी के' ही अक्षरं आहेत का पाहा. म्हणजे स्वयंपाकघर बसवलेलं आहे. ती नसतील तर ओटा, सिंक, शेगडी यांतलं काहीच नसण्याची शक्यता असते, नुसत्या भिंती आणि नळाचे पाइप.

थंडीत आपल्याकडच्या लोकांच्या घरात भिंतीला बुरशी धरते, ती हमखास. कुकरची वाफ, भाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, आणि थंडी लागते म्हणून दिवसभर बंद खिडक्या. ही दमट हवा सर्वांत गार कोपऱ्यात जाऊन पाणी धरते. उपाय एकच: दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी वरून किंचित कलती करून तासन्‌तास ठेवली तर हवा बदलत नाही, फक्त भिंत गार होते आणि बुरशी वाढते. स्वयंपाक झाला की लगेच उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून.

कचरा चार-पाच जागी वेगळा होतो: पॅकिंगचा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, कागद वेगळा, भाजीपाल्याचा वेगळा, उरलेला वेगळा. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, नगरपालिकेचा तक्ता फ्रिजवर लावून टाका. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या टाकीत, पांढरी, हिरवी, तपकिरी अशी निवडून. निळी काच हिरव्यात जाते. रविवारी आणि रात्री तिथे बाटल्या टाकायच्या नाहीत, खणखणाटाची तक्रार होते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर सहसा २५ सेंट अनामत असते. बाटली चेपू नका. दुकानातल्या यंत्राला लेबलवरची खूण वाचता आली नाही तर ते बाटली परत ढकलतं.

आता सण. २०२६ची दिवाळी पाहा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि तो रविवार आहे. म्हणजे फुलं, दूध, नारळ, मिठाईचं साहित्य सगळं शनिवारपर्यंत घरात हवं. रविवारी सहसा मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं काय ती उघडी असतात. आकाशकंदिलासाठी भिंतीत भोक पाडायचं असेल तर तेही शनिवारीच, कारण रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. इतर दिवशी रात्री दहा ते सकाळी सहा. अभ्यंगस्नानाला मात्र या नियमाची आडकाठी होत नाही. त्या दिवसांत तिथे सूर्य सातच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, त्यामुळे सहानंतर उठून उटणं लावलं तरी आंघोळ उजाडायच्या आत होते. संध्याकाळी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. पणत्या लवकर लावा, मुलांना त्या डोळे भरून पाहता येतात.

पाहुणे बोलावणार असाल तर तीन-चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: कोणता सण, किती वाजेपर्यंत, आणि तुमचा फोन नंबर. चिठ्ठीने दहानंतर गाणी लावायची परवानगी मिळते असा समज करून घेऊ नका. पण शेजारी पोलिसांना फोन करण्याआधी तुम्हाला करतील. दुसऱ्या दिवशी ताटलीभर फराळ त्यांच्या दारी न्यायला विसरू नका. काजू, शेंगदाणे, तीळ कशात आहेत ते सांगा, ॲलर्जीबद्दल तिथे लोक काटेकोर असतात. फटाके मात्र फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला. तिथल्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या फुलबाज्या वर्षभर चालतात.

सामानातून काय नेता येतं? डाळी, मसाले, भाजणी, पोहे चालतात. दूध आणि दुधाचे पदार्थ, म्हणजे तूप, खवा, पनीर, चालत नाहीत. मांसही नाही. ताज्या फळांत नारळ, केळी, अननस, खजूर चालतात, आंब्याला मात्र वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा आजीने दिलेला तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला जाण्यापेक्षा तूप तिथेच कढवा. २५० ग्रॅम लोण्याच्या पाकिटात साधारण ८२ टक्के स्निग्धांश असतो, त्यातून जवळपास २०० ग्रॅम तूप निघतं. पाकिटावर 'मिल्डगेझॉयर्ट' लिहिलेलं, म्हणजे किंचित आंबवलेलं लोणी घ्या. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत बेरी बदामी झाली की उतरवा. दुकानात तयार मिळणाऱ्या बुटरश्माल्त्सला तो खरपूस वास नसतो, कारण त्यात बेरी भाजली जात नाही.

श्रीखंडाला तर तो देश वरदान आहे. तिथे क्वार्क नावाचं जे मिळतं, तो जवळजवळ तयार चक्काच. डब्यावर ४० टक्के लिहिलेलं घ्या. हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा, प्रत्यक्षात १०० ग्रॅममागे तो ११ ग्रॅमच्या आसपास असतो. बिनसायीचं मागेरक्वार्क घेतलं तर श्रीखंड जिभेवर खडूसारखं कोरडं लागतं. २५० ग्रॅमचे दोन डबे पातळ सुती कपड्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली भांडं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. हे न करता साखर घातली की श्रीखंड वाहू लागतं. सकाळी चक्का चाळणीतून घासून घ्या, त्याच्या निम्म्या वजनाची पिठीसाखर दोन वेळा विभागून घाला. सगळी एकदम घातली तर तेवढंच पाणी एकदम सुटतं आणि किती सैल होणार ते कळत नाही. मग केशर, वेलची, जायफळ.

तळणीला काचेची विजेची शेगडी असते, त्यावर गोल बुडाची कढई चालत नाही. जाड, सपाट बुडाचं भांडं घ्या. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून चकली लाल होऊ लागल्यावर आच कमी करण्यात अर्थ नसतो. तेल १७० अंशांवर आणा आणि एका वेळी तीन-चारच चकल्या सोडा. जास्त सोडल्या की तेल गार होतं, चकली तेल पिते. बेडरूम आणि पॅसेजमध्ये धुराचे सेन्सर बसवणं सक्तीचं आहे, त्यामुळे दार बंद आणि खिडकी उघडी. उरलेलं तेल निवलं की बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. मोरीत ओतलं तर नळ्या तुंबतात आणि प्लंबरचं बिल तुम्हाला भरावं लागतं.

२०२६ मध्ये भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे, आणि त्याच संध्याकाळी तिथे अनेक ठिकाणी सेंट मार्टिनची मिरवणूक निघते. बालवाडीतली मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चालतात. आकाशकंदील केलेल्या हातांना हा कंदील अवघड नाही. चीजची १६ सेंटिमीटर व्यासाची गोल पुठ्ठ्याची डबी बूड म्हणून घ्यायची, तिला पारदर्शक रंगीत कागदाची ५२ सेंटिमीटरची पट्टी गुंडाळून दोन सेंटिमीटर एकावर एक चिकटवायची, वर तारेची कडी. दिवा काठीच्या टोकाला लावलेला, बॅटरीवरचा. पाऊस येणार असेल तर कंदिलावर पारदर्शक पिशवी चढवून न्या. ओवाळणी दुपारी आटोपून घ्या, मुलांना या मिरवणुकीला जरूर पाठवा.

पहिलीत जाणाऱ्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी शूलट्यूटे लागते: पुठ्ठ्याचा साधारण ७० सेंटिमीटरचा शंकू, आत पेन्सिली, रबर, छोटं खेळणं, थोडा खाऊ. नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगत नाही, आणि मग एकटं आपलंच मूल रिकाम्या हाताने उभं राहतं. तळाला चुरगळलेला कागद भरा, नाहीतर टोक दुमडतं. शाकाहारी घरांनी गोळ्यांच्या पाकिटावर जिलेटिन आहे का ते वाचावं. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासून दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात संत निकोलाउसचा खाऊ असतो.

शाळेला सणाची रजा हवी असेल तर काही आठवडे आधी लेखी अर्ज द्या, सणाचं नाव आणि तारीख लिहून. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. परवानगीशिवाय मूल घरी ठेवलं तर दंड होऊ शकतो.

शेवटचं नाताळचं. २४ डिसेंबरला दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. २५ आणि २६ सुट्टी, आणि २०२६ मध्ये २७ला रविवार. म्हणजे दूध, दही, भाजी, बाळाचे डायपर आणि तापाचं औषध २८च्या सकाळपर्यंत पुरेल इतकं २३लाच आणून ठेवा. या दिवसांत दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, आणि जिवावरचं असेल तर ११२.

नमस्कार.