गुरुजींच्या गॅलरीत अख्खी शाळा

हा फोन बघा. साधाच आहे, स्क्रीनगार्ड कोपऱ्यात तडकलाय. जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या मॅडमचा आहे आणि त्यांना विचारूनच आपण गॅलरी उघडलीये. वर लेकीच्या वाढदिवसाचा केक, खाली आजच्या खिचडीचं पातेलं, मग तिसरीतल्या एका पोराचं आधार कार्ड, परत एक आधार कार्ड, कुणाच्या तरी आईचं पासबुक, तेही आडवं, आणि मग गुड मॉर्निंगचा गुलाब.

आता ही आधार कार्डं इथं कशाला? तर यू-डायसला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-विद्यार्थी नोंदीला, आणि अपार आयडीला, म्हणजे पोराच्या कायमच्या विद्यार्थी क्रमांकाला, नाव जुळावं लागतं. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरला दुसरंच. मग मॅडम म्हणतात, "व्हॉट्सअ‍ॅपला टाका ना फोटो," आणि पालक टाकतात, बऱ्याचदा थेट वर्गाच्या ग्रुपवरच, आणि ज्याचं ऑटो डाउनलोड चालू त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते कार्ड जाऊन बसतं. संध्याकाळी तोच फोन घरातल्या बारक्याच्या हातात, कार्टून बघायला.

व्हॉट्सअ‍ॅपला वयाची अट 13 वर्षांची आहे म्हणे. पाचवीच्या पालक ग्रुपवर रात्री साडेआठनंतर जे स्टिकर पडतात ते काय बाप टाकतोय होय!

शिक्षक हे सगळं शिकले कुठं, तर कोर्समध्ये थोडं आणि एकमेकांकडून भरपूर. 2017 ला दीक्षा हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासाचं व्यासपीठ आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले सर हे क्यूआरचं प्रकरण त्याच्याही आधीपासून करत होते, बाकीच्यांना कळलं 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळाल्यावर. त्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या घरबसल्या अभ्यासाच्या उपक्रमाची लिंक रोज यायला लागली, जिल्ह्याच्या ग्रुपवरून तालुक्याच्या, तिथून केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या), तिथून शाळेच्या, तिथून पालकांच्या. वरून आलेलं डोळे झाकून खाली ढकलायचं, ही सवय तिथं पक्की झाली.

आणि ज्या जिन्यानं लिंक उतरली त्याच जिन्यानं पुढं एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणारी फाइल, उतरली.

ही एका केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. सतरंजी, पंखा, चहा यायचाय. एक सर उभे राहून सांगतायत. रात्री गाडीच्या चलनाची फाइल आली, पाठवणारा ओळखीचा, केंद्राच्याच ग्रुपमधला. उघडली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. बाकीचं त्या फाइलनं केलं. मेसेजमधला ओटीपी परस्पर पलीकडं गेला आणि सरांचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या ताब्यात. सकाळी त्यांच्या नावानं तीच फाइल सगळ्या ग्रुपवर, पालकांच्यासुद्धा. हसत हसतच सांगत होते ते, मग थांबले. एका बाईचा फोन आला होता म्हणे, "गुरुजी, तुम्ही पाठवलं म्हणून उघडलं मी."

चहा आला, कुणी घेतला नाही पटकन.

त्या दिवशीचं पीपीटी राहिलं ते राहिलंच, आणि माझ्या मते बरंच झालं, कारण पुढचा तासभर सगळे आपापला फोन घेऊन बसले. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या कुलपाचा, सहा आकडी पिन टाकला, मीडिया गॅलरीत येणं बंद केलं, पालक ग्रुपला फक्त अ‍ॅडमिननं मेसेज टाकायचा असं सेटिंग. फळ्यावर मोठ्या आकड्यात 1930, पैसे गेले तर लगेच लावायचा नंबर. रिटायरमेंटला आलेल्या एका गुरुजींना शेजारच्या नवीन मॅडम पिन टाकून देत होत्या, तर ते मोठ्यानं म्हणाले, "जन्मतारीख टाका," आणि अख्खा हॉल ओरडला, "नको!"

फोटोंचं मात्र अडलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतलं प्रत्येक लेकरू बालकच आहे, त्याची माहिती वापरायची तर आईबापाची संमती लागते. इकडं उपक्रम झाला की फोटो पाहिजे, तोही जीपीएस कॅमेऱ्याचा, म्हणजे पोराचा चेहरा, तारीख, वेळ आणि खाली शाळेचा अक्षांश रेखांश. "नाही पाठवला तर?" एकानं विचारलं. केंद्रप्रमुख काही बोलले नाहीत.

परत त्या मॅडमच्या शाळेत. जेवणाच्या सुट्टीत त्या आधार कार्डं डिलीट करतायत, एकेक, मग ट्रॅशमधूनही. तेवढ्यात टिंग. 'आजच्या उपक्रमाचे फोटो 3 वाजेपर्यंत टाकावेत.'

मॅडम उठतात. "चला रे, सगळ्यांनी फळ्याकडं तोंड करा." पोरं वळतात, एक जण वळून वळून बघतोय. फोटोत नुसत्या पाठी, दोन वेण्या आणि फळ्यावरची आजची तारीख.