गाडी हातात पळते, जमिनीवर अडते

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारी उजाडला की कोल्हापुरात प्रोजेक्टचा हंगाम सुरू होतो. शाळांची विज्ञान प्रदर्शनं असतात, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरांचं सबमिशन असतं, आणि घराघरांत जेवणाच्या ताटाशेजारी जंपर वायरींचा गुंता पडलेला असतो. त्यातला सगळ्यांत लाडका प्रोजेक्ट म्हणजे मोबाइलवर किंवा रिमोटवर चालणारी गाडी. चार पिवळ्या गिअरच्या मोटरी, एक आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, मोटरींना वीज पुरवणारा एल-298 नावाचा मोटर ड्रायव्हर, मोबाइलशी बोलणारं एचसी-05 हे ब्लूटूथ मोड्यूल, आणि या सगळ्यांच्या मध्ये रबरबँडनं बांधलेली एक चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी.

या गाडीची तक्रारही ठरलेली असते. परवा एक पोरगं पिशवीतून गाडी घेऊन आलं. म्हणालं, "काका, हातात उचलून धरली की झ्याक पळतीया. खाली ठिवली की एक हिसका देतीया आणि ब्लूटूथ तुटतंय. मोड्यूल खराब हाय. दुसरं घेऊ काय?"

म्हटलं, थांब जरा, पैसे खिशातच ठेव.

मोड्यूल बहुधा ठणठणीत असतं. ब्लूटूथ तुटणं हे लक्षण झालं, दुखणं असतं बॅटरीत आणि वायरिंगमध्ये. सुटे भाग वेगवेगळे तपासले तर चालतात, एकत्र जोडले की अडतात, अशी गाडी समोर आली तर प्रोग्रामला आणि ब्लूटूथला हात लावण्याआधी वीजपुरवठा बघायचा. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगानं.

पंचगंगेच्या काठच्या गावातले श्रोते हे लगेच ओळखतील. शेतीपंपाची मोटर चालू केली की घरातला बल्ब क्षणभर मंदावतो. मोटर फिरायला लागली की परत उजळतो. याचं कारण असं, की फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि येणाऱ्या करंटला विरोध करते. थांबलेल्या मोटरीत हा विरोध शून्य असतो. मग करंटला अडवायला उरतो तो फक्त वायंडिंगचा रेझिस्टन्स, आणि सुरुवातीच्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. शेतातली काही अश्वशक्तीची मोटर असो की तुमची पिवळी बारकी मोटर, ढोबळ मानानं नियम तोच.

आता आकडे मांडू. ती पिवळी मोटर हवेत मोकळी फिरताना दोनशे मिलीअँपिअरच्या आतबाहेर घेते. जमिनीवर, गाडीचं वजन अंगावर घेऊन सुरू होताना अर्धा ते एक अँपिअर मागते. चार मोटरी एकदम सुरू झाल्या की झाले दोन ते चार अँपिअर. आणि ती चौकोनी बॅटरी? ती बनवली आहे स्मोक अलार्मसारख्या, थेंब थेंब करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी. नवी कोरी अल्कलाइन असली तरी तिचा आतला रेझिस्टन्स एक-दोन ओहम असतो, आणि स्वस्तातली असेल तर त्याहून बराच जास्त. दोन अँपिअर गुणिले दोन ओहम म्हणजे चार व्होल्ट तिच्या पोटातच जिरले. नवातून चार गेले, राहिले पाच. त्या पाचावर ड्रायव्हरच्या बोर्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे आर्डुइनोला कायम 5 व्होल्ट देणारा भाग, चालत नाही, त्याला साधारण सात तरी लागतात. मग आर्डुइनो उपाशी. 2.7 व्होल्टच्या खाली गेलं की त्याची चिप स्वतःहून रीसेट होते. ब्लूटूथ मोड्यूलही बंद होऊन पुन्हा सुरू होतं, मोबाइलवर "डिस्कनेक्टेड" येतं, मोटरी थांबतात. मोटरी थांबल्या म्हणून व्होल्टेज परत वर येतं. तुम्ही बघता तेव्हा सगळं साळसूद. मीटर लावला तर 9 व्होल्ट दाखवतो! म्हणूनच पोरं म्हणतात, बॅटरी चेक केली, बरोबर आहे. लोड नसताना बॅटरी मोजली तर ती मोजलीच नाही असं समजायचं.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि त्यासाठी मीटरही लागत नाही. उनोवर 13 नंबरच्या पिनला जोडलेला एक बारका दिवा असतो, शेजारी इंग्रजी एल अक्षर छापलेलं. बोर्ड रीसेट झाला की हा दिवा भराभर दोन-तीन वेळा लुकलुकतो. एचसी-05 वर पण एक लाल दिवा आहे. जोडी जमलेली नसते तेव्हा तो घाईघाईनं, सारखा मिणमिणत राहतो. मोबाइल जोडला गेला की शांत होतो, दोनदा चमकतो, मग जरा वेळ गप्प, पुन्हा दोनदा. गाडी जमिनीवर ठेवा, खोलीतली लाइट घालवा, आणि एकाला "पुढे"चं बटण दाबायला सांगून तुम्ही त्या दोन दिव्यांवर नजर ठेवा. चाकांनी हिसका दिला त्याच क्षणी एल लुकलुकला आणि लाल दिवा पुन्हा घाईवर आला, तर व्होल्टेज कोसळलं हे पक्कं. दोन्ही दिवे जागच्या जागी आणि तरी चाकं थांबली, तर मात्र दोष ड्रायव्हरकडे, वायरिंगकडे किंवा प्रोग्रामकडे शोधायचा.

मीटर असेल तर त्याची टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर धरा आणि एक चाक बोटानं क्षणभर दाबून ठेवा. नुसतं सुरू करून बघितलं तर व्होल्टेजचा खड्डा इतका झटकन येऊन जातो, की साध्या मीटरला तो दिसत नाही. चाक दाबून धरलं की मीटरला आकडा दाखवायला सवड मिळते. क्षणभरच हं, जास्त वेळ दाबलं तर मोटर तापते.

उपाय काय? 18650 नावाचे लिथियमचे दोन सेल, एकापाठोपाठ जोडलेले. मिळून 7.4 व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना 8.4. पण घेताना लेबलं वाचून भुलू नका. नामांकित कंपन्यांचे चांगले सेलसुद्धा साधारण 3500 मिलीअँपिअर-अवरच्या आसपास असतात. 9800 छापलेला सेल स्वस्तात मिळत असेल तर तो छापखान्याचा पराक्रम आहे. हे सेल तीन व्होल्टच्या खाली उतरवायचे नाहीत, शॉर्ट करायचे नाहीत, आणि घरच्या कुठल्याही चार्जरला वायरी लावून चार्ज करायचे नाहीत. त्यांचा चार्जर वेगळा मिळतो, तोच वापरायचा. शाळकरी पोरांच्या पालकांनी एवढ्यापुरतं शेजारी बसावं.

दोन सेलच का, तर एल-298 फुकट काम करत नाही. ही जुन्या धाटणीची चिप आहे, आत साधे ट्रान्झिस्टर आहेत, आणि एक अँपिअरला ती दोन-तीन व्होल्ट स्वतःच खाते. 7.4 मधून ते गेले की मोटरीला मिळतात पाचच्या आसपास, आणि पिवळी मोटर 3 ते 6 व्होल्टची, म्हणजे जमलं. पण कुणी चार पेन्सिल सेल लावून 6 व्होल्टवर चालवू बघेल तर मोटरीपर्यंत जेमतेम चार पोचतील. अशा वेळी टीबी-6612 हा ड्रायव्हर बरा, त्यात मॉसफेट नावाचे वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, तो फार कमी खातो. फक्त त्याची स्टँडबाय नावाची पिन 5 व्होल्टला जोडायला विसरू नका. ती मोकळी सोडली तर मोटर हलतच नाही आणि लोक चिप जळाली म्हणून टाकून देतात.

मोटरीला एक बॅटरी आणि आर्डुइनोला दुसरी, असंही काही जण करतात. चांगलं आहे. पण दोन्हींचे मायनस एकमेकांना जोडलेले पाहिजेत. ते जोडले नाहीत तर ड्रायव्हरला पिनवरचे 5 व्होल्ट कशाच्या तुलनेत पाच आहेत हे कळणार कसं? गाडी मग कधी चालते, कधी नाही, कधी वायरीला हात लावला की चालते. हात लावल्यावर चालणारं सर्किट दिसलं की आधी मायनस बघायचा, मग लूज कनेक्शन. आणि मोटरीचा करंट ब्रेडबोर्डातून, म्हणजे वायरी नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीतून, फिरवायचा नाही. तिच्या आतल्या पट्ट्या आणि बारीक जंपर वायरी सिग्नलसाठी आहेत. मोटरीच्या वायरी जाड घ्याव्यात, सोल्डर कराव्यात.

आता जे रेडिओवरच सांगण्यासारखं आहे ते सांगतो. ज्यांच्या घरी अजून मीडियम वेव्हचा रेडिओ आहे त्यांनी तो दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा आणि गाडीच्या मोटरीजवळ धरावा. मोटर सुरू केली की कडकड ऐकू येईल. मोटरीच्या आत ब्रश घासतात, प्रत्येक फेऱ्यात बारीक ठिणग्या पडतात, त्याचा हा आवाज. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झला हवेतून त्याचा फारसा त्रास होत नाही. तो गोंगाट वायरींतून मागे सर्किटमध्ये शिरतो आणि तिथे घोटाळा करतो. उपाय दोन रुपयांचा आहे. 104 असं छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा, मोटरीच्या दोन टर्मिनलांवर थेट सोल्डर करायचा. बोर्डावर नाही, मोटरीवर. मोटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून आणायच्या. पुन्हा रेडिओ धरा, कडकड बरीच कमी झालेली कानाला कळेल. घरात बसून दोष आणि उपाय दोन्ही ऐकू यावेत अशी सोय दर वेळी मिळत नाही.

बॅटरीच्या बाजूला, ड्रायव्हरच्या इनपुटवर, 470 किंवा 1000 मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर लावला तर सुरुवातीचा हिसका तो थोडा सांभाळून घेतो. त्याचा प्लस-मायनस उलटा लावू नका, फुटतो.

वीज पक्की झाली आणि तरी गाडी ऐकत नाही, तर ब्लूटूथकडे वळू. एचसी-05 ची रिसीव्ह पिन 3.3 व्होल्टची आहे आणि उनो पाठवतो पाच. मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहमच्या रेझिस्टरांची जोडी लावून पाचाचे सव्वातीन करावेत. शून्य आणि एक नंबरच्या पिनांवर मोड्यूल जोडलेलं असेल तर प्रोग्राम अपलोडच होत नाही, कारण यूएसबीही त्याच पिना वापरते. अपलोड करताना काढा, नंतर लावा. मोबाइलवरून अक्षर एक जातं आणि पोचतं भलतंच, तर दोघांचा माहिती पाठवायचा वेग जुळत नाही. मोड्यूल मूळचं 9600 वर असतं. आणि घरात आयफोन असेल तर एचसी-05 च्या नादाला लागू नका, त्याच्याशी जमत नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचं मोड्यूल घ्या.

प्लेस्टेशन-4 च्या कंट्रोलरनं गाडी चालवायची हौस असलेल्यांना एकच सूचना. त्यासाठी आर्डुइनोऐवजी ईएसपी-32 हा ब्लूटूथ असलेला बोर्ड लागतो, तो घेताना मूळचा साधा ईएसपी-32 घ्या. त्याचे एस-3 किंवा सी-3 हे प्रकार नवे आहेत, पण त्यांच्यात जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ नाही, आणि तो कंट्रोलर तीच भाषा बोलतो. दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही.

आपल्या गावची एक खास अडचण आहे. इथे कारखान्यांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. पोरं तिथे जाऊन दोन मिलीमीटरच्या पत्र्याची झकास चासी कापून, वाकवून, वेल्डिंग मारून आणतात. ऑइल इंजिनांत नाव काढलेल्या गावात कामाचा हात पक्का असायचाच. पण मग आर्डुइनो थेट त्या पत्र्यावर बसवतात, खालची सोल्डरची टोकं पत्र्याला टेकतात, आणि शॉर्ट. खाली प्लॅस्टिकचे स्पेसर घाला. आणि ब्लूटूथ मोड्यूल त्या पत्र्याच्या पेटीत बंद करू नका. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, पत्र्याच्या डब्यातून ती बाहेर पडत नाही. मोड्यूलच्या टोकाला जी नागमोडी रेघ दिसते ती त्याची अँटेना. ती पत्र्यापासून आणि बॅटरीपासून दूर, मोकळ्या हवेत राहील असं बघा.

एक फसवा दोष आहे, त्याला प्रोग्रामच जबाबदार असतो. गाडी छान चालत असते, मग कुणाला तरी वर हलणारा हात लावायची लहर येते, सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर, जोडली जाते, आणि एका बाजूची चाकं हळू चालायचीच विसरतात. एकतर पूर्ण वेगानं, नाहीतर बंद. उनोमध्ये सर्व्होची लायब्ररी, म्हणजे तिचा तयार प्रोग्राम, सुरू केली की 9 आणि 10 या पिनांवरचं वेग कमी-जास्त करणं बंद पडतं. दोघं एकच टायमर वापरतात. ड्रायव्हरची वेगाची वायर 5 किंवा 6 वर हलवा, प्रश्न मिटला.

आणि संपर्क तुटला तर गाडी थांबली पाहिजे, हे प्रोग्राममध्ये लिहा. अर्धा सेकंद काही आलं नाही की चारही मोटरी बंद. पण मोबाइलचं ॲप बटण दाबून धरल्यावर तीच आज्ञा सारखी पाठवत असेल तरच हे चालतं. एकदाच पाठवून गप्प बसणारं ॲप असेल तर गाडी अर्ध्या सेकंदानं थबकेल. चाकांखाली वीट ठेवून, चाकं अधांतरी फिरवत मोबाइलचं ब्लूटूथ बंद करून बघा.

प्रदर्शनाला निघण्याआधी आणखी एक काम. सगळ्यांच्या एचसी-05 चं नाव एचसी-05 च असतं आणि पासवर्ड 1234. एका हॉलमध्ये अशा दहा गाड्या आल्या की कुणाचा मोबाइल कुणाच्या गाडीला चिकटेल सांगता येत नाही. मोड्यूलवरचं बटण दाबून धरून त्याला वीज द्या, दिवा संथपणे उघडझाप करू लागेल, मग 38400 च्या वेगानं त्याचं नाव आणि पासवर्ड बदला. ब्लूटूथऐवजी एनआरएफ-24 चं रेडिओ मोड्यूल वापरणाऱ्यांनी नेटवरून उचललेल्या प्रोग्राममधला पत्ता बदलावा. तो बहुतेकांचा चार शून्यं आणि एक असाच असतो. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं जॉयस्टिक ढकलली आणि परीक्षकांसमोर तुमची गाडी निघाली, तर तिला दोष देऊ नका, तिचा प्रोग्रामही तिथूनच आलेला असणार.

नमस्कार.