वळणावरची रिश्टर

फलकावर विषय लिहिलाय ‘आनेग्रेट रिश्टर यांची कारकीर्द’, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या धावपटूची, तेव्हा सुरुवात शंभर मीटरच्या सुवर्णपदकापासून होईल असं तुम्हाला वाटलं असणार. मी ती म्युनिक ऑलिंपिकच्या रिलेपासून करतोय, म्हणजे चौघींनी बॅटन (हातातली दांडी) पुढे देत शंभर-शंभर मीटर धावायच्या शर्यतीपासून. रिश्टर कळायच्या असतील तर १० सप्टेंबर १९७२ची ती शर्यत आधी बघायला हवी.

पाचच दिवसांपूर्वी ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली पथकावर हल्ला झाला होता, त्यांची अकरा माणसं गेली होती. स्पर्धा थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. त्यात समोर पूर्व जर्मनी. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये स्वतःचा झेंडा आणि स्वतःचं राष्ट्रगीत घेऊन ते पहिल्यांदाच आले होते, तेही पश्चिम जर्मनीच्या अंगणात! त्यांच्या शेवटच्या टप्प्यावर रेनाटे श्टेखर. त्याच स्पर्धेत शंभर मीटर ११.०७ आणि दोनशे मीटर २२.४० सेकंदांत जिंकलेली बाई. पश्चिम जर्मनीकडून शेवटी कोण? हायडे रोझेंडाल. म्हणजे लांब उडीची विजेती! ६.७८ मीटर, बल्गेरियाच्या योर्गोव्हापेक्षा फक्त एक सेंटिमीटर जास्त.

श्टेखर आणि रोझेंडाल एकाच वेळी निघाल्या असत्या, तर पुढे काय झालं असतं हे तुम्हीच सांगा. पण रोझेंडालच्या हातात बॅटन आली तेव्हा ती थोडी पुढे होती. ही आघाडी क्राउझे, मिकलर आणि रिश्टर या तिघींनी तिच्या हाती दिली होती. रिश्टर तिसऱ्या टप्प्यावर, वळणावर. तिथल्या धावपटूला बॅटन घ्यायचीही असते आणि द्यायचीही. घेताना मागे वळून बघायचं नाही. आधी ठरवलेल्या खुणेवर मागची पोचली की सुटायचं, आणि हाक आली की हात मागे करायचा. बॅटन बदलीचं क्षेत्र तेव्हा वीस मीटरचं होतं, त्यात दोघींचा वेग जुळला नाही तर कमावलेलं सगळं तिथेच जायचं. निकाल: पश्चिम जर्मनी ४२.८१ सेकंद आणि सुवर्ण, पूर्व जर्मनी ४२.९५.

माझी तक्रार अशी की फोटो कायम शेवटच्या रेषेवरचा छापतात. त्यात रोझेंडाल दिसते, श्टेखर दिसते. वळणावरचा फोटो मला कुठल्याही वर्तमानपत्रात सापडला नाही. आपल्याकडे शाळांच्या मैदानांवरही तेच: सगळ्यात वेगवान मुलगी शेवटी लावायची, आणि बॅटन बदलण्याचा सराव स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. मग बॅटन पडली की ओरडा त्या मुलीला!

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर कारकीर्द. जन्म डॉर्टमुंडचा, १९५०चा. १९७१ला हेलसिंकीत युरोपीय रिलेचं सुवर्ण. म्युनिकला वैयक्तिक शंभर मीटरमध्ये पाचवी. १९७३ला रॉटरडॅमला इनडोअर साठ मीटरची युरोपीय विजेती. मग १९७६, मॉन्ट्रियल: उपांत्य फेरीत ११.०१चा विश्वविक्रम, अंतिम फेरीत ११.०८ आणि सुवर्ण. दुसरी श्टेखर, तिसरी इंगे हेल्टन, रिश्टरचीच संघसहकारी. दोनशे मीटरला बेर्बेल एकर्टच्या मागे दोन शतांश सेकंदांनी रौप्य. रिलेतही रौप्यच, आणि या वेळी पूर्व जर्मनी ४२.५५, पश्चिम जर्मनी ४२.५९. १९८०ला पश्चिम जर्मनीने मॉस्कोवर बहिष्कार टाकला, तिसरं ऑलिंपिक गेलं.

मॉन्ट्रियलच्या त्या चार शतांशांवर मला अजून बरंच बोलायचंय. ज्यांना थांबता येईल त्यांनी बाहेर चहाला या, तिथे बोलू.