आज वार कोणता?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'शाकाहार की मांसाहार'. तब्येत, पर्यावरण आणि प्राण्यांचे हाल, या तीन गोष्टींवर बोलेन असं मी कळवलं होतं. त्या तिन्हींकडे येणारच आहे. पण आधी त्या 'की'बद्दल बोलू द्या. गेली पंचवीस-तीस वर्षं तो माझ्या घशात काट्यासारखा अडकलाय.

आज सोमवार. सोमवार पाळणारे किती जण आहेत इथे? हात वर करा. बरेच आहेत की! आता खाली घ्या. काल रविवारी ज्यांच्या घरी मटण, चिकन, मासे यांतलं काही झालं, त्यांनी वर करा. बघा, पुष्कळसे हात तेच आहेत. या हातांना काय म्हणायचं? शाकाहारी? मांसाहारी? 2014 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 15 वर्षांवरचे साधारण 40 टक्के लोक शाकाहारी निघाले, 60 टक्के मांसाहारी. आकडा बरोबर आहे. पण त्या 60 टक्क्यांतल्या कितीजणांच्या ताटात आठवड्यातले चार-पाच दिवस डाळ, भात, भाजीच असते, ते त्या तक्त्यात कुठून दिसणार? दोनच रकाने, आणि आपली बहुतेक माणसं त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बसलेली.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आमच्याकडे एक शब्द आहे, शिवराक. म्हणजे मासळी-मटण नसलेलं जेवण. पण आमच्या घरात तो शब्द दिवसाला लावायचे, माणसाला नाही. 'आज शिवराक' म्हणायचे. 'ती माणसं शिवराक' असं मी आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सकाळी मासळीवाली दारात आली की आजी आधी विचारायची, "आज वार खंयचो गो?" सोमवार असला तर बांगडे कितीही ताजे असोत, पाटी उघडायचीसुद्धा नाही. मासळीवाली तरी सोमवारी कशाला येईल म्हणा, तीही सोमवार पाळायची. पण संकष्टी, एकादशी तिच्या ध्यानात नसायची, म्हणून हा प्रश्न.

मासळीचं मडकं वेगळं होतं. काळंभोर, मातीचं, चुलीच्या डाव्या हाताला पालथं घातलेलं. त्यात बांगड्याची कढी व्हायची, तिरफळं ठेचून घातलेली, वर दोन-चार सोलं. ते मडकं देवघराकडे न्यायचं नाही आणि सोमवारी चुलीवर चढवायचं नाही, एवढे दोन नियम. आजोबांनी पुढे तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून त्यांचं ताट बदललं. आजीनं त्यांच्यासाठी डाळीचं पातेलं आणि डाव वेगळा काढला. आजोबा त्याच पंगतीला, त्याच जागी बसायचे. शेजारी आम्ही नातवंडं बांगड्याचे काटे काढत असायचो. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, आणि 'एक तुकडा खाऊन बघा' असं त्यांना कुणी कधी म्हटलं नाही. माळेची थट्टा करायची नाही, हे आम्हाला न सांगता कळायचं.

आणि हे फक्त माणसांपुरतं नाही. आपल्या देवांची घरं बघा. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. एक न खाणारी, दुसरी खाणारी. दोघींच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी रात्रभर जागरणात म्हणतात. चंपाषष्ठीला त्याच देवाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, आणि नवसाचं बकरंही त्याच्याच नावानं. गौरींचं घ्या. कोकणात कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माझ्या मावशीच्या सासरी मी स्वतः पाहिलंय. दुपारी गौरीपुढे मटणाचं ताट, चिंबोऱ्यांचं कालवण. बाजूला गणपती, त्याच्यापुढे मोदक. आणि दोघांच्या मध्ये मावशी नऊवारीचा पदर खोचून एक धुवट पंचा धरून उभी. लेकाला आईचं ताट दिसू नये म्हणून. नैवेद्य दाखवून झाला की पंचा घडी करून ठेवायचा, आणि मग मायलेकांची आरती एकत्र. एवढ्या मोठ्या वादावर त्या घरानं शोधलेला उपाय म्हणजे अडीच हात कापड आणि पाच मिनिटं. मला तो उपाय फार थोर वाटतो. आई बाटली असं लेकाला वाटत नाही, आणि लेकानं खाल्लंच पाहिजे असा आईचा हट्ट नाही.

आता माझी तक्रार. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

1996 साल. आम्ही पुण्यात भाड्याची जागा शोधत होतो. मुलगी चार वर्षांची. एक जागा आवडली, घरमालकीणबाई बोलायला चांगल्या, चहा झाला, भाडं ठरलं. उठताना त्यांनी विचारलं, "तुम्ही खाता का?" मराठीतला हा प्रश्न बघा. खाता का! कर्म नाही, काही नाही. माणूस म्हटल्यावर खाणारच, पण 'खाणं' म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक. आम्ही खरं सांगितलं. खातो, पण सोमवार, गुरुवार, शनिवार नाही, श्रावणात नाही. त्या म्हणाल्या, "इथे शिजवायचं नाही, एवढं पाळा." शाळा जवळ होती, नड आमची होती. आम्ही हो म्हटलं.

अकरा महिन्यांच्या करारातले सात महिने आम्ही तो शब्द पाळला. एकदा सासूबाईंनी गावाहून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पुडी पाठवली, ती मी न उघडता नणंदेकडे पोचवली. मुलीला आत्याच्या हातची मासळी फार आवडायची, म्हणून रविवारी आत्याकडे जायचो. अशाच एका रविवारी परत येताना जिन्यात शेजारच्या बाईंनी मुलीला प्रेमानं विचारलं, "काय जेवलीस गं आज?" मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग हाताची बोटं फ्रॉकच्या मागे लपवली आणि म्हणाली, "बटाट्याची भाजी." बोटांना बांगड्याचा वास होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या दबक्या आवाजातून, खिडक्या लावण्यातून ती ते आपणहून शिकली होती. साडेचार वर्षांचं पोर आपण काय जेवलो याची लाज बाळगायला शिकलं, आणि ते माझ्या घरात शिकलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. करार संपायची वाट न बघता आम्ही ती जागा सोडली.

त्या बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. घर त्यांचं होतं. माझं भांडण एका शब्दाशी आहे. 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी वाचली की मला त्या लपवलेल्या बोटांची आठवण येते. तूप शुद्ध असतं, सोनं शुद्ध असतं. जेवणाला शुद्ध म्हटलं की पलीकडच्या ताटाला आपोआप दुसरं नाव पडतं. आणि आपल्या समाजात ते नाव ताटावर थांबत नाही, जेवणाऱ्याच्या जातीपर्यंत जातं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नुसतं 'शाकाहारी' लिहा. भागतं तेवढ्यावर.

दुसरी बाजूही सांगते, कारण तीही मी पाहिली आहे. मी 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आमच्यात एक जैन बाई होत्या. दर सहलीला कुणीतरी त्यांना घासफूस म्हणून चिडवायचं. एकदा रश्श्यातलाच डाव त्यांच्या डाळीत बुडवला आणि वर म्हणाले, त्यात काय एवढं! त्या दिवशी त्या उपाशी राहिल्या. मी तेव्हा गप्प बसले, ते चुकलं. कुणाच्या ताटात डाव बुडवणं आणि कुणाच्या चुलीवर काय शिजावं हे ठरवणं, दोन्ही मला सारखंच वाईट वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर तब्येत, पर्यावरण आणि हाल. भरभर सांगते.

तब्येत. चांगला शाकाहार पुरेसा आहे. डाळ-भात, भाकरी-उसळ ही जोडी एकमेकींची प्रथिनं पुरी करते. पण बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, ते दूध, अंडी, मासे, मांस यांतच असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. साधारण दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-12 कमी निघालं. ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट, म्हणजे दुसरं एक बी जीवनसत्त्व, जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, लक्षणं जास्त दिसली. हे 2008 साली प्रसिद्ध झालं. तेव्हा न खाणाऱ्यांनी रक्त तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. गोळीनं व्रत मोडत नाही. आणि खाणाऱ्यांनी, रविवारी पाव किलो मटण हाणून आठवडाभर भाजीकडे न बघणं हा काही आहार नव्हे.

पर्यावरण. रवंथ करणारी जनावरं मिथेन सोडतात, हे खरं. पण माणदेशातला धनगर मेंढरं घेऊन फिरतो, ती माणसाला न खाता येणारं गवत-पाला खातात, रात्री शेतात बसवली की शेतकरी खताच्या बदल्यात धान्य देतो. ते मटण आणि मका-सोयाबीनच्या खाद्यावर वाढवलेलं चिकन एका तराजूत घालू नका. दूधही या हिशेबाच्या बाहेर नाही. गाय दूध देते म्हणजे ती व्याली, आणि निम्मी वासरं नर. 2015 मध्ये गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हशी, रेडे तिच्यात नाहीत. भाकड जनावराचा चारा कोण पुरवणार, हा प्रश्न दूध पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. मासळीचं म्हणाल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासळीला वाढायला वेळ मिळावा म्हणून. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात न जाण्याची कोळ्यांची रीत हेच सांगत होती.

हाल. इथे मी खाणाऱ्यांशी भांडते. ब्रॉयलर कोंबडी सुमारे 40 दिवसांत दोन किलोची करतात. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला वहीच्या मोठ्या पानाएवढीही जागा नसते, तिला पंख पसरता येत नाहीत. रोज, तिन्ही त्रिकाळ, स्वस्त मांस हवं या हट्टातून हे आलं. आजीच्या घरी कोंबडा वर्षातून मोजक्या वेळा कापला जायचा, राखणेला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला द्यायला, नाहीतर जावई आला तर. वार पाळणारं घर आपोआप कमी खातं. म्हणून माझं म्हणणं, वार सोडू नका. देवासाठी पाळत नसाल तर कोंबडीसाठी पाळा, पण पाळा.

आणि एक शेवटचं, यासाठीच मी आज आले. 2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा दुसरं फळ. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि बी-12 असतं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या असं सांगण्यात आलं. ज्या पोरांच्या घरी रविवारीही काही शिजत नाही, त्यांचं अंडं मोठ्या माणसांच्या या 'की'मध्ये अडकलं.

आपल्या मागच्या गल्लीत शाळा आहे. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालंय. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात दोन रकाने आखलेत, एक अंड्यांचा, एक केळ्यांचा. ज्यांना अंड्याचे पैसे द्यायला मन घेत नाही, त्यांनी केळ्यांच्या रकान्यात नाव घाला. गुरुवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, त्याआधी मला यादी पोचवायची आहे. पेन दोरीला बांधलंय.